चौदाव्या महिन्याचा आकडा

शेतकरी सहकारी संघाच्या बियाणे केंद्रात तिला सगळे कोंबताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. एकतीस वर्षं ओल्या कागदावरचे कोंब मोजणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं, असा त्यांचा सवाल. सुरुवातीला तिला राग यायचा. पुढेही यायचाच, पण हाक मारली की ती ओ द्यायला लागली.

ती इथे आली ती टायपिस्टच्या रजेच्या जागी, दोन महिन्यांसाठी. तेव्हाच्या परीक्षकांनी एकदा सहज तिच्यापुढे मूठभर बी टाकलं आणि म्हणाले, "मोज." तिने मोजलं. त्यांनी ते विस्कटलं आणि पुन्हा मोजायला लावलं. चौथ्यांदाही आकडा तोच आला, तेव्हा ते कार्यालयात जाऊन सांगून आले, "या मुलीला टायपिंगला पाठवू नका, वाया जाईल." अशी ती गोदामाच्या मागच्या दोन खोल्यांत आली आणि तिथेच राहिली. लग्न केलं नाही. घरी थोरली बहीण होती, अक्का. इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली आणि अजूनही घरात वॉर्डाची फेरी असल्यासारखी फिरणारी.

काम सांगायला सोपं होतं. सूर्यफुलाचं चारशे बी घ्यायचं, शंभर-शंभरच्या चार ओळीदार मांडण्या ओल्या कागदावर करायच्या, कागद गुंडाळून बादलीत उभे करायचे आणि ठरावीक उबेच्या कपाटात ठेवायचे. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, दहाव्या दिवशी शेवटची. ज्याचं मूळ सरळ, देठ धड, पानं शाबूत, तो कोंब धरायचा; बाकीचे बाद. शंभरातले किती, ती त्या बियाण्याची उगवण. आकडा सत्तरच्या खाली गेला की ते बियाणं पेरणीसाठी द्यायचं नाही, त्याचं तेल काढायचं.

पण तिचा जीव होता दुसऱ्या चाचणीवर. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती, तिला सगळे तापपेटी म्हणत. आत पाणी, वर जाळी, जाळीवर बी. तीन दिवस त्या दमट उकाड्यात बी ठेवायचं आणि मग उगवायला लावायचं. "साधी चाचणी विचारते, जिवंत आहेस का," ती सांगायची. "आणि ही विचारते, अंगात काही उरलंय का." बियाण्याचा जोम म्हणजे हेच. मऊ कागदावर, बेताच्या उबेत कुणीही उगवतं. शेतात थंडी असते, चिखल असतो, वरून ढेकूळ बसलेलं असतं.

मोजताना तिचा एक नियम होता. शंभर पुरे होईपर्यंत थांबायचं नाही. कुणी आलं, बोललं, तरी नजर कागदावरून उचलायची नाही, फक्त "हं, बरं केलंत," म्हणायचं म्हणजे माणूस समाधानाने जातो. कार्यालयात याची टिंगल चाले. एकदा हिशेबनीस मुद्दाम दारात उभा राहून म्हणाला होता, "ताई, तुमच्या खुर्चीला वाळवी लागली म्हणून जाळून टाकली." कोंबताई म्हणाली, "हं, बरं केलंत." पुढे आठवडाभर सगळे तिला विचारत होते, "बसायला काही आहे ना?"

गेले चौदा महिने ती ज्या एका गोष्टीसाठी जगत होती, ती म्हणजे पिशव्यांची परीक्षा.

सूर्यफुलाचं बी तेलकट. ते कापडी पिशवीत ठेवलं की हवेतला ओलावा ओढून घेतं, आतलं तेल खवट होतं आणि बी वर्षाच्या आत मरगळतं. हंगामात उरलेलं बियाणं पुढच्या हंगामापर्यंत टिकतच नाही. दर साली गोदामातल्या कितीतरी थप्प्या तेलाच्या घाण्याला जात. कोंबताईचं म्हणणं, बी चांगलं वाळवा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड यंत्राने चिकटवून टाका. चौदा महिने टिकेल. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "ताई, म्हणणं नको. आकडा आणा. चौदाव्या महिन्याला तुमच्या बंद पिशवीतलं बी ऐंशीच्या वर उगवलं, तर मी संचालक मंडळाकडून पिशव्या मंजूर करून घेतो. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

एकाच शेतातलं बी. आठ कापडी पिशव्या, आठ प्लास्टिकच्या. एक जोडी सुरुवातीलाच उघडायची आणि पुढे दर दोन महिन्यांनी एक.

सुरुवात झकास झाली. पहिल्या दिवशी दोन्ही त्र्याण्णव. सहाव्या महिन्यात कापडी एक्याऐंशी, बंद पिशवी एक्याण्णव. तापपेटीतून काढल्यावर तर फरक डोळ्यांत भरत होता: कापडी बावन्न, बंद त्र्याऐंशी. तिने तो तक्ता भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

आठव्या महिन्यात बंद पिशवी शहाऐंशीवर आली. दहाव्यात अठ्ठ्याहत्तर. बाराव्यात एकाहत्तर.

आणि आज चौदाव्या महिन्याची दहाव्या दिवसाची मोजणी होती. चार गुंडाळ्या उलगडून झाल्या होत्या. बासष्ट, चौसष्ट, पासष्ट, एकसष्ट. सरासरी त्रेसष्ट. तिने चौथी पुन्हा मोजली. एकसष्ट. पहिली पुन्हा मोजली. बासष्ट. मग तिने पेन टोपण न लावताच टेबलावर टाकलं, जे तिने एकतीस वर्षांत केलं नव्हतं.

गेले सहा महिने तिने शोधायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. कपाटाची ऊब तपासली, ठीक होती. कागद बदलला. नळाचं पाणी सोडून उकळून गार केलेलं पाणी वापरलं. पिशव्यांची तोंडं चिकटवणाऱ्या यंत्राच्या कारागिराला तीनदा बोलावलं; तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, यंत्राला काही झालेलं नाही, तुम्हालाच विश्रांतीची गरज आहे." तिने डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर होता तोच होता. बियातला ओलावा मात्र वाढत होता. सहा टक्क्यांवर चिकटवलेल्या पिशवीत साडेआठ टक्के निघत होता. बंद पिशवीत पाणी शिरतं कुठून? तिने यावर इतका विचार केला होता की जेवताना भाताकडेही ती संशयाने बघायची.

सात महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. तिच्या जागी कुणी नेमणार की नाही, हे अजून कुणी बोलत नव्हतं.

घरी आली तेव्हा अक्का पलंगावर गुडघा वर करून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तक्रार तयार होती.

"ती तुझी भक्कम पिशवी बघ. चौदा महिने ऐकतेय तिचं कौतुक."

"काय झालं?"

"गुडघा सुजलाय म्हणून तिच्यात बर्फ भरला. अर्ध्या तासात गादी ओली. या वयात लोक काय म्हणतील मला?"

"तू कुठली पिशवी घेतलीस?"

"तूच आणतेस ना रिकाम्या. जाड आहेत, फेकवत नाहीत म्हणतेस. ओट्याखाली ठेवलेल्या असतात."

कोंबताईने पिशवी उचलली. बर्फाचं पाणी झालं होतं. तिने वरचं कापलेलं तोंड मुठीत आवळलं आणि पिशवी दाबली. बुडाजवळून बारीक धारा उडाल्या. एक-दोन नव्हेत. तिने सवयीने मोजल्या. नऊ-नऊच्या तीन ओळी, दोन्ही बाजूंना. इतक्या सरळ आणि इतक्या समान अंतरावर, की उंदराचं काम नव्हतं, तोंड चिकटवणाऱ्या यंत्राचं नव्हतं आणि अपघाताचं तर नव्हतंच.

"अगं, माझ्या अंगावर काय उडवतेस?" अक्का ओरडली.

ओट्याखाली आणखी पाच पिशव्या होत्या. तिने एकेक नळाखाली धरली. चिठ्ठीवर दुसरा महिना होता ती गळली नाही. चौथ्यातली गळली नाही. सहाव्या महिन्यात उघडलेली गळली नाही. त्यानंतरच्या दोन्ही गळल्या, तशाच तीन ओळींत.

"कोण टोचेल गं पिशव्या?" ती स्वतःशीच म्हणाली.

"ज्याच्या हातात सुई असेल तो," अक्का म्हणाली. "आता मला कोरडी चादर दे आणि मग खुनी शोध."

गोदामात सुई एकाच माणसाच्या हातात असे. पोती शिवायची दाभण कानावर खोचून फिरणारा थप्पीदादा. गोदाम त्याच्या ताब्यात होतं. त्याने रचलेली थप्पी दोरी लावल्यासारखी सरळ असे, म्हणून ते नाव. भला माणूस. कबुतरं गोदामात शिरली तरी त्यांना हाकलताना "चला बाबांनो" म्हणणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यापुढे पिशवी घेऊन उभी राहिली.

"दादा, हे काय आहे?"

त्याने पिशवी उजेडात धरली आणि त्याचा चेहरा खुलला. "माझंच काम. बघा, एक भोक रेषेबाहेर नाही."

"का टोचल्यात?"

"अहो ताई, बी आहे ते. जीव आहे त्यात. उन्हाळ्यात हात लावला तर पिशवी भाजत होती, आणि वरून तोंड शिवलेलं. आपल्याला कुणी असं बांधून ठेवलं तर? म्हटलं श्वास तरी घेऊ दे बिचाऱ्यांना. कापडातल्यांना वारा लागतो, यांनी काय पाप केलंय?"

"बंद ठेवायचं हीच तर परीक्षा होती! चौदा महिने! मी कारागिराला शिव्या दिल्या, पाणी बदललं, डोळे तपासले! दादा, तुम्हाला हात लावायला सांगितलं कुणी? मला एका शब्दाने विचारता आलं नाही?"

थप्पीदादाचा चेहरा उतरला, पण मान खाली गेली नाही. "विचारलं होतं ताई."

"कधी?"

"टोचायच्या आधी. तुमच्या खोलीत आलो होतो. म्हटलं, ताई, या प्लास्टिकवाल्यांची घुसमट होतेय, मी जरा वाऱ्याची सोय करतो. तुम्ही म्हणालात, बरं केलंत."

गोदामात पोती उतरवणारे दोघे होते, ते एकदम फार मन लावून काम करायला लागले.

कोंबताई आपल्या खोलीत गेली आणि कामाची वही काढली. ती रोज वही लिहीत असे. काय मोजलं, किती आलं, वीज किती वेळ गेली, कोण आलं, सगळं. सातव्या महिन्यातलं पान काढलं. तिच्याच ठसठशीत अक्षरात होतं: "सकाळी साडेअकरा. थप्पीदादा आले, काही बोलून गेले. तिसरी गुंडाळी, मोजणी चालू."

तिने ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायचं धैर्य झालं नाही. थप्पीदादावर चिडायची सोयसुद्धा राहिली नव्हती, आणि राग तर अंगात मावत नव्हता. तो तिने कपाटाच्या दारावर काढला. दार आपटलं, ते पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. ते बिजागरीतून सैल झालं आणि मग तेही दुरुस्त करायचं काम तिच्याच माथी आलं.

अहवाल तिने त्याच दिवशी लिहिला. एक पान. शेवटची ओळ होती: "सातव्या महिन्यात बंद पिशव्यांना भोकं पाडली गेली. गोदामरक्षकांनी आधी सांगितले होते. परीक्षकांनी मोजणीच्या नादात ऐकले नाही. परीक्षा रद्द."

साहेबांनी वाचलं. ते वयाने तिच्याहून वीस वर्षांनी लहान होते आणि वाईट नव्हते. फक्त त्यांना दिवसाला चाळीस कागद वाचायचे असत.

"ताई, मंडळाला मी काय सांगू? प्लास्टिक नापास?"

"प्लास्टिकची परीक्षाच झाली नाही. चाळणीची झाली."

"पण आकडा त्रेसष्ट आहे."

"तो भोकाचा आकडा आहे. भोकं पडायच्या आधीचे आकडे बघा ना. सहा महिन्यांत बंद पिशवी दोन टक्क्यांनीच उतरलीय."

"सहा महिने कापडही टिकलंय. एक्याऐंशी म्हणजे पास."

"वरून पास! तापपेटीतून काढल्यावर बावन्न. आतून पोखरलंय ते. बंद पिशवीचं त्र्याऐंशी आहे."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ताई, मंडळाला दोन आकडे सांगितले की ते तिसरा विचारतात. मला एक ओळ हवी होती. चौदा महिने थांबलो त्या एका ओळीसाठी, आणि तुम्ही रद्द लिहून आणलंत."

"खोटं लिहू का मग?"

"मी तसं म्हटलं का? पण ते 'परीक्षकांनी ऐकले नाही' एवढं तरी काढा. सात महिन्यांनी निवृत्त व्हायचंय तुम्हाला. शेवटच्या अहवालात असं कुणी लिहितं का?"

"झालंय ते लिहिलंय."

"तुमची मर्जी." त्यांनी सही केली. "म्हणजे पुढच्या सालीही कापड. तुम्हाला पुन्हा करायची तर करा, मी अडवत नाही. पण चौदा महिने म्हणजे तुम्ही गेल्यावर सात. शेवटची मोजणी कोण करणार?"

ती बाहेर आली तेव्हा जिन्यात हिशेबनीस भेटला. त्याने तोंड उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

घरी अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि नाडी बघितल्यासारखं तिच्याकडे बघितलं. "मग आता सोडून दे."

"कशी सोडू? बी चांगलं आहे, पिशवी चांगली आहे, आणि कागदावर दोन्हीही नापास दिसतायत."

"मग पुन्हा कर."

"सात महिन्यांत चौदा महिने कसे बसवू?"

"ते मला काय विचारतेस? मी काय मोजणारी आहे?"

तिने पुन्हा करायचं ठरवलं, पण आनंदाने नव्हे. दात दुखत असताना माणूस दवाखान्याकडे चालतो तशी. नव्या हंगामाचं बी आलं होतं. ते वाळवलं, ओलावा सहावर आणला, पिशव्या कापल्या. थप्पीदादा दारात येऊन उभा राहिला. ती मोजत नव्हती, पिशव्यांना चिठ्ठ्या लावत होती, तरी तिने हातातलं खाली ठेवलं.

"बोला. ऐकतेय."

"ताई, झालं ते झालं. पण एक सांगू? तुमचं चुकतंय. बंद पिशवीत बी गुदमरतं."

"दादा, मी आज भांडायच्या मनःस्थितीत नाही."

"मी भांडत नाही. माझ्याही पिशव्या ठेवा. आठ. माझ्या हाताने टोचलेल्या. कापड एकीकडे, तुमच्या बंद एकीकडे, माझ्या मध्ये. मग बघू कोण खरं."

ती चिडून काहीतरी बोलणार होती आणि थांबली. तिसरी रांग. भोकांमुळेच बी बिघडलं हे दाखवायचा दुसरा रस्ताच नव्हता. गेल्या वेळी ती रांग असती, तर आज साहेबांच्या टेबलावर तिला शब्द सापडले असते. हे तिला स्वतःला सुचलं नाही आणि दाभणवाल्याला सुचलं, याचाही तिला मनस्ताप झाला.

"ठेवते," ती म्हणाली. "पण बंदवाल्यांना बोट लावायचं नाही."

"शप्पथ. गुदमरली तरी नाही." तो जरा घुटमळला. "आणि तुम्ही गेल्यावर उघडणार कोण?"

"तुमची नोकरी किती राहिली?"

"चार वर्षं."

मग तिने खुर्ची ओढली. "बसा. हात धुवून या आधी."

कपाटात सरावाची एक गुंडाळी दहा दिवसांची झालेली होती, तापपेटीतून काढलेल्या बियांची. तिने ती टेबलावर उलगडली. शंभर बी, ओळीने. काही कोंब ताठ, काही वाकडे, काही नुसतेच भेगाळलेले.

"धड ते धरायचे. मूळ खुंटलेलं बाद. देठ पिळवटलेला बाद. पान अर्धं सडलेलं बाद. करा सुरुवात."

थप्पीदादाने बोट न लावता, एकेकावर मान वाकवून मोजलं. पुष्कळ वेळ लागला. मध्ये दोनदा तो काहीतरी पुटपुटला.

"एक्याण्णव," तो म्हणाला.

तिने मोजलं. अडुसष्ट.

"दादा, तेवीस कुठून आणलेत? हा बघा. याला मूळ आहे का?"

"येईल ना. आज नाही, उद्या."

"दहाव्या दिवशी नसेल तर नाही. आणि हा? सगळा पिळवटलाय."

"वाकडा आहे, पण जोर करतोय ताई. बघा, बिचाऱ्याने टरफल डोक्यावर उचललंय. एवढं करून त्याला बाद म्हणायचं?"

"म्हणायचं! याला शेतात ढेकूळ उचलायचंय. तिथे कुणी बिचारा म्हणत नाही."

"तुम्हाला दयामाया नाही."

"तुम्हाला आहे म्हणून तर माझे चौदा महिने गेले!"

तो हिरमुसून कागदाकडे बघत राहिला. तिला वाईट वाटलं, पण आवाज मऊ करायला जमलं नाही. तिच्याकडे सात महिने होते. आणि शिकवायला मिळाला होता तो असा माणूस, की ज्याला मेलेल्या बियाकडून अजून आशा होती.

तिने पेन्सिलीने त्या पिळवटलेल्या कोंबाभोवती गोल काढला आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"हा बाद. का बाद, ते मोठ्याने म्हणा."

"देठ पिळवटलाय म्हणून," तो म्हणाला, आणि हळूच भर घातली, "पण..."

"पण नाही. पहिल्यापासून. पुन्हा मोजा."